चौथ्यांदा त्याच माणसासमोर: इझ्रायल अडेसान्याच्या शैलीचं प्रकरण

हे प्रकरण कशाबद्दल आहे

एमएमएमध्ये, म्हणजे ठोसे, लाथा आणि कुस्ती सगळंच चालणाऱ्या मिश्र लढतीच्या खेळात, उभ्याने लढताना सर्वांत देखणा कोण दिसतो, असं आमच्या किकबॉक्सिंगच्या वर्गात विचारलं की इझ्रायल अडेसान्याचं नाव हमखास येतं. पोरं त्याची नक्कल करतात. हात कमरेपाशी सोडतात, मान तिरकी करतात, ठोसा आला की कमरेतून मागे झुकतात. टोकलं की उत्तर तयार असतं, "सर, अडेसान्या असाच उभा राहतो." तो तसा उभा राहतो हे खरंच आहे. पण तसं उभं राहण्याची किंमत त्याने कुठे मोजली आणि नंतर त्याच शैलीतून वाट कशी काढली, हे फारसं कुणी नीट पाहिलेलं नसतं.

या शैलीवर जग भाळलं, पण अलेक्स परेरा नावाच्या एका माणसापुढे ती तीनदा हरली. चौथ्या वेळी अडेसान्या जिंकला. चौथ्या सामन्याआधी त्याच्यापुढे कोणते रस्ते होते, त्याने कोणता निवडला आणि तो निवडणं शहाणपणाचं होतं का, याचा हा अभ्यास आहे. सामने लाखो लोकांनी पाहिलेले असल्याने लढवय्यांची नावं दिली आहेत. कोपऱ्यातली माणसं (सामन्यात सल्ला देणारे प्रशिक्षक आणि मदतनीस), पंच आणि कुटुंबीय यांचा उल्लेख फक्त त्यांच्या नात्याने किंवा कामाने केला आहे.

पार्श्वभूमी

अडेसान्याचा जन्म १९८९ साली नायजेरियातल्या लागोसचा. पुढे कुटुंब न्यूझीलंडला गेलं आणि त्याचं शाळकरी वय रोटोरुआत गेलं. शाळेत त्याला पोरांनी बराच त्रास दिला, हे त्याने स्वतः अनेकदा सांगितलं आहे. किकबॉक्सिंगला सुरुवात झाली ती अठराव्या वर्षी, म्हणजे या खेळाच्या हिशेबाने उशिराच. त्याआधी तो नाचायचा. पुढे ऑकलंडच्या 'सिटी किकबॉक्सिंग' या जिममध्ये तो घडला. किकबॉक्सिंगमध्ये पंचाहत्तर विजय आणि पाच पराभव अशी कमाई त्याने केली आणि त्यातले बरेच सामने चीनमध्ये झाले.

फेब्रुवारी २०१८ मध्ये पर्थला तो पहिल्यांदा यूएफसीत, म्हणजे एमएमएच्या सर्वांत मोठ्या संघटनेत, उतरला. पुढच्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये मेलबर्नच्या स्टेडियमवर ५७,१२७ प्रेक्षकांसमोर त्याने रॉबर्ट व्हिटेकरला दुसऱ्या फेरीत आडवं केलं आणि ८४ किलो वजनी गटाचा निर्विवाद विजेता झाला. त्या रात्री सामन्याच्या जाळीदार पिंजऱ्यात शिरण्याआधी तो साथीदारांना घेऊन चक्क नाचला. जगज्जेतेपदाचा सामना दहा मिनिटांवर असताना ठरवून बसवलेला नाच करायला किती बेडर माणूस लागतो, याचा विचार करा. लोक त्याच्या प्रेमात पडले ते अशा गोष्टींमुळेही, फक्त ठोशांमुळे नाही.

आता त्याची शैली. उंची १.९३ मीटर, हातांचा फैलाव २.०३ मीटर. अशी लांबी असलेले लढवय्ये बरेच असतात, पण त्यातले बहुतेक जॅब, म्हणजे पुढच्या हाताचा सरळ ठोसा, मारून दूर राहतात. अडेसान्याचं सगळं काम चालतं ते हुलेवर. त्याच्याकडे जवळून पाहा. डावा खांदा दोन बोटं पुढे येतो आणि परत जातो. मग कंबर किंचित वळते, जणू आता लाथ येणार. लाथ येत नाही. पुन्हा कंबर वळते, या वेळी गुडघाही उचलला जातो, तरी लाथ येत नाही. समोरच्याने पहिल्या हुलेला हात खाली आणला, दुसऱ्या वेळी पाय उचलला, तर तेवढ्यात अडेसान्याला माहिती मिळालेली असते. हा माणूस कशाला भितो, घाबरला की कुठे हलतो, किती वेळाने परत जागेवर येतो. तिसऱ्या वेळी कंबर तशीच वळते आणि लाथ पोटाकडे निघून वाटेत दिशा बदलते आणि थेट कानशिलावर जाते.

याला जोडून त्याचं मागे झुकणं. हात खाली ठेवून तो समोरच्याला हनुवटी दाखवतो. समोरचा झेप घेतो. अडेसान्या पाय फारसे न हलवता कमरेतून मागे जातो, ठोसा नाकासमोरून निघून जातो आणि परत सरळ होता होता त्याचा हुक (बाजूने वळवून मारलेला ठोसा) किंवा उजवा हात बसतो. व्हिटेकरचं नेमकं हेच झालं. तो वेगाने आत घुसणारा लढवय्या, आणि घुसणाऱ्यासाठीच अडेसान्याने दार उघडं ठेवलेलं होतं.

पण इथेच या शैलीची मेख आहे. समोरच्याला काहीतरी हवं असेल, तो ते घ्यायला पुढे येत असेल, तरच ती फुलते. मार्च २०२० मध्ये योएल रोमेरो पुढे आलाच नाही. दोघे एकमेकांची वाट पाहत राहिले आणि पाच फेऱ्या प्रेक्षकांनी हुर्यो उडवली. जुलै २०२२ मध्ये जॅरेड कॅनोनियरविरुद्ध तो अमेरिकी व्यावसायिक कुस्तीतल्या अंडरटेकरचा वेष करून, हातात अस्थिकलश घेऊन आला. प्रवेश अफलातून झाला, सामना मात्र सावध आणि गुणांवर संपलेला. ज्या गर्दीने त्याला डोक्यावर घेतलं तीच कुरकुरायला लागली. ही टीका मला अर्धीच पटते. मार न खाता पंचवीस मिनिटं जिंकणं ही फार अवघड कला आहे. पण तिकीट काढून आलेल्या माणसाला ती कला म्हणून दिसत नाही, हेही तितकंच खरं.

अडचण

परेरा ब्राझीलचा. तरुणपणी टायरच्या दुकानात राबलेला, दारूच्या व्यसनातून बाहेर पडलेला माणूस. किकबॉक्सिंगमध्ये त्याने ग्लोरी या संघटनेची दोन वजनी गटांची विजेतेपदं मिळवली. उंचीला तो अडेसान्याइतकाच, म्हणजे लांबीचा फायदा इथे संपलाच.

पहिली गाठ एप्रिल २०१६ मध्ये चीनच्या शेन्झेनमध्ये पडली. परेरा गुणांवर जिंकला. दुसरी मार्च २०१७ मध्ये ब्राझीलमध्ये. दुसऱ्या फेरीत अडेसान्याने परेराला इतका जोरात मारला की पंचांना उभ्याने आठ आकडे मोजावे लागले. सामना हातात आला असं वाटत असतानाच तिसऱ्या फेरीत परेराचा डावा हुक बसला आणि अडेसान्या बेशुद्ध होऊन पडला. नंतर परेराचा लहानगा मुलगा रिंगणात आला आणि पडलेल्या माणसाची नक्कल करत जमिनीवर आडवा झाला. पोरकटपणाच तो, पण ते दृश्य अडेसान्याच्या डोक्यात घर करून राहिलं.

नोव्हेंबर २०२१ मध्ये परेरा यूएफसीत आला तो सरळ याच माणसाच्या मागावर. २ जुलै २०२२ च्या रात्री, ज्या कार्यक्रमात अडेसान्या कॅनोनियरशी सावधपणे लढला, त्याच कार्यक्रमात परेराने शॉन स्ट्रिकलंडला पहिल्याच फेरीत झोपवलं. तुलना आपोआप झाली आणि ती अडेसान्याच्या फायद्याची नव्हती.

१२ नोव्हेंबर २०२२, न्यूयॉर्कचं मॅडिसन स्क्वेअर गार्डन. तिसरी गाठ, आता एमएमएच्या नियमांनी. पहिल्या फेरीच्या अगदी शेवटी अडेसान्याने परेराला हादरवलं, घंटा वाजली म्हणून परेरा वाचला. तिसऱ्या फेरीत अडेसान्याने त्याला खाली नेऊन बराच वेळ वर बसून दाबून ठेवलं. फेरी जिंकणाऱ्याला दहा आणि हरणाऱ्याला सहसा नऊ गुण मिळतात; चार फेऱ्या संपल्या तेव्हा गुण देणाऱ्या तिन्ही पंचांच्या कागदावर ३९-३७ असा अडेसान्या पुढे होता. पाचव्या फेरीत परेराने त्याला जाळीला लावलं, उजवा आणि डावा हुक जोडून मारले, खालून अपरकट आले आणि २ मिनिटं १ सेकंद झालेली असताना पिंजऱ्यातल्या पंचांनी उभ्याउभ्याच सामना थांबवला.

याला नशीब म्हणून सोडून देता येत नाही. दोन कारणं स्पष्ट दिसतात.

पहिलं म्हणजे पाय. परेरा गुडघ्याच्या जरा खाली, पोटरीच्या बाहेरच्या अंगाला लाथ मारतो. मांडीवर लाथ बसली तर दुखतं, पण तिथे मांस असतं. पोटरीच्या वरच्या टोकाला बाहेरून एक नस हाडाला लगटून, कातडीच्या अगदी जवळून जाते, आणि पाऊल वर उचलण्याचं काम तिच्यावर चालतं. तिथे चार-सहा लाथा नीट बसल्या की पाऊल लोंबायला लागतं, घोटा मुरगळतो, मागे सरकायचं म्हटलं तर पाय ऐकत नाही. अडेसान्यानेही नंतर पायाचंच कारण दिलं. त्याच्या शैलीत हात खाली असतात याचा अर्थ बचावाचं सगळं ओझं पायांवर आणि कमरेवर असतं. पाय गेले की बचाव गेला.

दुसरं म्हणजे जाळी. कमरेतून मागे झुकायला मागे मोकळी जागा लागते. पाठ जाळीला टेकली की ती जागा संपते. न्यूयॉर्कमध्ये शेवटच्या मिनिटात अडेसान्या झुकायचा प्रयत्न करत होता आणि डोकं जायला जागा नव्हती.

आणि या दोन्हींच्या मुळाशी परेराचा स्वभाव. तो हुलेला भुलत नाही. चेहरा दगडासारखा ठेवून एकेक पाऊल पुढे टाकतो. खांदा हलला, कंबर हलली, त्याला काही फरक पडत नाही. हुलांमधून माहिती काढणारा माणूस इथे अंधारात चाचपडतो.

समोर असलेले पर्याय

*थांबणं.* डोक्याला मार बसून सामना थांबवला गेल्यावर शरीराला वेळ देणं हा वैद्यकीय दृष्टीने सर्वांत सरळ मार्ग. पाच वेळा किताब राखलेल्या विजेत्याला परतीचा सामना कधीतरी मिळणारच होता, मध्ये एखादा सोपा प्रतिस्पर्धी घेऊन लय परत आणता आली असती. पण अडेसान्या तेहतीस वर्षांचा होता. आणि परेरा एवढ्या अंगाचा की ८४ किलोत उतरण्यासाठी त्याला फार वजन घटवावं लागे, तो या गटात किती काळ थांबेल याचा नेम नव्हता. वाट पाहिली असती तर हिशेब कायमचा अर्धवट राहण्याची शक्यता होती.

*वरच्या गटात जाणं.* ही वाट त्याने मार्च २०२१ मध्ये चालून पाहिली होती. यान ब्वाहोविचने त्याला शेवटच्या दोन फेऱ्यांत खाली घेतलं आणि गुणांवर हरवलं. तिकडे गेलं की उंची-लांबीचा फायदा कमी होतो आणि अंगावर येणारं वजन वाढतं.

*खाली नेणं.* माझ्या मते हाच सर्वांत सुरक्षित पर्याय होता. परेरा उभ्याने लढणारा माणूस, जमिनीवर त्याचा सराव कमी, आणि न्यूयॉर्कच्या तिसऱ्या फेरीने हे दाखवूनही दिलं होतं. आपल्याकडे कुस्ती बघत वाढलेल्या कुणालाही हे पटकन कळेल. समोरच्याचा पंजा भारी असेल तर पट काढावा, पंज्याशी पंजा लावत बसू नये. पण पट काढणं हा अडेसान्याचा हातखंडा नाही. पट फसला तर वाकलेल्या अवस्थेत परेराच्या हुकसमोर डोकं जातं, आणि वारंवार प्रयत्न केले तर दम जातो. शिवाय एक न बोलली जाणारी गोष्ट होतीच. ज्याच्यामुळे लोक येतात ते सगळं बाजूला ठेवून वर बसून किताब परत मिळवला असता तर तो मिळाला असता, पण परेराने त्याला उभ्याने हरवलंय हा डाग तसाच राहिला असता. अडेसान्यासाठी हे किती महत्त्वाचं होतं ते पुढे दिसलंच.

*लांबून गुण जमवणं.* न्यूयॉर्कमध्ये चार फेऱ्या बहुतांश हेच चाललं होतं आणि ते जमलंही होतं. पोटरीवरच्या लाथांचा बंदोबस्त केला, म्हणजे वेळेवर पाय वळवून नडगी आडवी केली, उभं राहण्याचा पवित्रा बदलत राहिला, तर पाचवी फेरीही निघाली असती. पण सतत मागे सरकत पंचवीस मिनिटं निर्दोष राहणं लागतं. परेराला एकच चूक पुरते.

*त्याला आत बोलावणं.* सर्वांत धोक्याचा आणि शैलीच्या सर्वांत जवळचा पर्याय. परेरा हुलेला भुलत नाही, पण जखमी माणूस दिसला की तो पुढे येतो. तिन्ही सामन्यांत तो आत आला तो समोरचा संकटात आहे अशी खात्री पटल्यावर. म्हणजे त्याला एकाच गोष्टीने भुलवता येतं, त्याच्या स्वतःच्या विजयाच्या खात्रीने.

काय ठरलं आणि काय घडलं

थांबायचं नाही हे लगेच ठरलं. पाच महिन्यांच्या आत, ८ एप्रिल २०२३ रोजी मायामीत परतीचा सामना झाला. आपल्याकडे तेव्हा रविवारची सकाळ होती.

पहिली फेरी दोघांनीही जपून काढली. परेराने लगेच पोटरीवर काम सुरू केलं. दुसऱ्या फेरीत त्या लाथा दिसू लागल्या. अडेसान्या पवित्रा बदलत होता, मागे सरकत होता, आणि फेरीच्या उत्तरार्धात त्याची पाठ जाळीकडे गेली. न्यूयॉर्क पाहिलेल्या प्रत्येकाच्या पोटात तेव्हा गोळा आला असणार, कारण चित्र तंतोतंत तेच होतं. परेरालाही तेच दिसलं.

आता एक बदल बारकाईने पाहण्यासारखा आहे. जाळीला लागल्यावर अडेसान्या या वेळी झुकला नाही. दोन्ही हात वर घेतले, कोपर अंगाला चिकटवले, हनुवटी आत घेतली आणि गार्ड बंद करून उभा राहिला. एमएमएचे ग्लव्ह चार औंसांचे, किकबॉक्सिंगच्या ग्लव्हच्या निम्म्याहून कमी, त्यामुळे नुसत्या मुठींमागे तोंड लपत नाही. हाताची नळी आणि कोपर मध्ये यावं लागतं. तसे ते आले होते. परेरा जवळ आला, गुडघा मारला, ठोसे टाकले. त्यातले बरेच हातांवर बसले. आणि मारण्याच्या भरात परेराने एक गोष्ट केली जी तो मोकळ्या जागेत सहसा करत नाही. दोन्ही पाय अडेसान्याच्या टप्प्यात रोवून तो उभा राहिला.

त्याचा डावा हात हुकसाठी निघाला की डावी बाजू उघडी पडते. अडेसान्याने त्याच क्षणी वरून उजवा हात टाकला. तो कानशिलाच्या बाजूला बसला. परेराचे पाय डगमगले. पाठोपाठ दुसरा उजवा बसला आणि परेरा कोसळला. वरून मुठीचा शेवटचा आघात झाला तेव्हा तो शुद्धीत नव्हता. दुसऱ्या फेरीची ४ मिनिटं २१ सेकंदं झाली होती.

हे सगळं ठरवून केलेलं नाटक होतं की खरोखर अडचणीत सापडलेल्या माणसाची सुटका? मला वाटतं दोन्ही. पोटरीवरच्या लाथा खऱ्या होत्या, पाय खरोखर दुखावलेला होता. पण जाळीला लागल्यावर काय करायचं याचं उत्तर आधीपासून तयार होतं. बंद गार्डमधून उजवा हात वेळेवर आणि नेमका त्याच रेषेत निघणं ऐनवेळी सुचून होत नाही. परेराचा हुक कोणत्या लयीत येतो हे अंगात मुरलेलं असल्याशिवाय तो हात बाहेर येतच नाही. सत्तर-ऐंशी किकबॉक्सिंग सामन्यांच्या माणसानेही हे पुन्हा घोटलेलं असणार.

शैलीचं काय झालं, हा या प्रकरणाचा गाभा. वरवर पाहिलं तर त्याने तिला सोडचिठ्ठी दिली. हात खाली नव्हते, झुकणं नव्हतं, नाच नव्हता. पण शैलीचं मूळ हुलेत होतं, आणि हूल होतीच. खांद्याची आणि कमरेची हूल परेरा खात नाही, म्हणून या वेळी अख्खं शरीर हूल म्हणून ठेवलं गेलं, जाळीला लागलेलं, लंगडणारं. परेराने तीच खाल्ली.

निकाल

किताब परत आला. पडलेल्या परेराच्या दिशेने अडेसान्याने कल्पनेतल्या धनुष्यातून तीन बाण सोडले. मग त्याने प्रेक्षकांत बसलेल्या परेराच्या मुलाला शोधलं आणि त्याच्याकडे पाहत जमिनीवर आडवं पडून सहा वर्षांपूर्वीची ती नक्कल परत केली. बाणांचा अभिनय सुंदर होता, त्याच्या नाचाच्या जातकुळीतला. मुलाकडे बोट दाखवणं मला आवडलं नाही. लहान मुलाने केलेल्या गोष्टीचा हिशेब मोठ्या माणसाने किताब हातात असताना चुकता करायचा नसतो. पण त्यानंतर माइकवर तो जे बोलला, आयुष्यात एकदा तरी तुम्हा सगळ्यांना हा आनंद मिळो अशा अर्थाचं, ते ऐकताना या माणसाचं लोकांना इतकं वेड का आहे हे पुन्हा कळलं. तो हरणं लपवत नाही आणि जिंकणंही आवरून धरत नाही.

परेरा वरच्या गटात गेला आणि त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये तिथला विजेता झाला. पाचवी गाठ पडली नाही.

वेगळं काय करता आलं असतं

सर्वांत मोठा प्रश्न मायामीचा नाही, न्यूयॉर्कच्या पाचव्या फेरीचा आहे. हिशेब मांडून पाहा. तिन्ही कागदांवर ३९-३७. पाचवी फेरी १०-९ ने गमावली असती तरी ४८-४७ ने अडेसान्याच जिंकला असता. ती १०-८ ने, म्हणजे चांगलाच मार खाऊन गमावली असती तरी ४७-४७ बरोबरी, आणि बरोबरीत किताब विजेत्याकडेच राहतो. म्हणजे त्या पाच मिनिटांत त्याला जिंकण्याची गरजच नव्हती, फक्त उभं राहायचं होतं. पंचांचे कागद कोपऱ्याला दिसत नाहीत हे मान्य. पण चारपैकी तीन फेऱ्या आपल्या आहेत हे डोळ्यांनी दिसत होतं. मिठी मारणं, कमरेला बिलगून जाळीशी वेळ काढणं, पट काढायचा नुसता प्रयत्न करून परेराला दोन हातांनी बचाव करायला लावणं, हे सगळं दिसायला रटाळ असतं. रोमेरो आणि कॅनोनियरच्या सामन्यांवरून झालेली हुर्यो कानात असलेल्या माणसाला ते किती जड गेलं असेल याची मला कल्पना आहे. तरीही त्या रात्री रटाळपणाच योग्य होता.

दुसरं, पोटरीचं. न्यूयॉर्कमध्ये पहिल्या दोन लाथा बसल्याबरोबर उत्तर द्यायला हवं होतं. पवित्रा बदलून दुसरा पाय पुढे आणणं हे तात्पुरतं. खरा उपाय म्हणजे नडगी वळवून परेराच्या पायालाच दुखापत करणं, किंवा लाथ निघताच सरळ उजवा मारून त्याला एका पायावर असताना मागे ढकलणं. दोनदा असं झालं असतं तर परेराने लाथेआधी विचार केला असता.

तिसरं, पाच महिन्यांत परत उतरण्याचं. निकाल चांगला लागला म्हणून निर्णय चांगला होता असं म्हणणं धोक्याचं आहे. मायामीत तो उजवा हात चार इंच वर गेला असता तर बंद गार्डवर आणखी सहा-सात ठोसे पडले असते आणि आपण आज याच निर्णयाला बेपर्वाई म्हणालो असतो. परेरा गट सोडून जाईल ही घाई समजण्यासारखी आहे, पण डोक्याला लागलेल्या माराचं वेळापत्रक वेगळं असतं. तरुण लढवय्यांच्या प्रशिक्षकांनी या एका बाबतीत अडेसान्याचा कित्ता गिरवू नये असं मला ठामपणे वाटतं.

चौथी गोष्ट नंतर उघड झाली. मायामीतलं उत्तर परेराच्या स्वभावावर बेतलेलं होतं. शिकार दिसली की संपवायला धावणाऱ्या माणसावर. सप्टेंबर २०२३ मध्ये सिडनीला अडेसान्यासमोर शॉन स्ट्रिकलंड आला, तोच ज्याला परेराने एका फेरीत झोपवलं होतं. कागदावर सोपा सामना. स्ट्रिकलंडही हुलेला भुलला नाही आणि त्याने संपवायची घाईही केली नाही. हात उंच, पाऊल छोटं, जॅब सतत, पंचवीस मिनिटं पुढे. पहिल्या फेरीतच त्याच्या उजव्या हाताने अडेसान्या खाली बसला, आणि तिन्ही पंचांनी ४९-४६ असा निकाल स्ट्रिकलंडला दिला. जाळीला पाठ लावून बोलावण्यात अर्थ नव्हता, कारण हा माणूस बोलावल्यावरही दोन ठोसे मारून परत आपल्या जागी जात होता. तिथे लागणारं उत्तर मायामीच्या तयारीत नव्हतं. सरळ चालत येणाऱ्याच्या पोटात लाथा घालून त्याचं पाऊल थांबवणं, बाजूला सरकून कोन काढणं, गरज पडली तर पट काढणं, ही ती कामं. सोडवला गेला होता तो परेरा. न भुलणारा, पुढे चालत येणारा प्रतिस्पर्धी हा प्रकार तसाच शिल्लक होता, आणि पाच महिन्यांपूर्वीच्या त्या झळझळीत विजयामुळे ते दिसणं आणखी अवघड झालं होतं.